‘चा-ची-चे’ नेमके कुणाचे?

शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा. षष्ठी: एकवचनात चा, ची, चे, अनेकवचनात चे, च्या, ची. दहावीनंतर सुटका होते म्हणावं, तर इंदापूर-बारामतीची पोरं पुण्याच्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षांसाठी तीच ओळ पुन्हा घोकतात. माझ्या मते ती ओळ त्या तक्त्यात बसतच नाही.

‘मुलाला’, ‘मुलांना’ यांतलं वचन मुलांचंच. पण ‘मुलाचे मित्र’ घ्या. मुलगा एक, प्रत्यय अनेकवचनी! ‘मुलांचा बाप’मध्ये मुलं अनेक, प्रत्यय एकवचनी. म्हणजे इथे वचन मालकाचं नाही, त्याच्या मालकीच्या गोष्टीचं. लिंगही तिचंच. ‘मुलाचा’ हा शब्द सरळसरळ ‘चांगला’सारखा वागतो: चांगल्या घरात, मुलाच्या घरात. एकाच कॉलममध्ये दोन वेगळ्या गोष्टींची माहिती भरलेला डेटाबेस कुणी पास करणार नाही. इथे तो पिढ्यान्‌पिढ्या पास झालाय, कारण साचा संस्कृतचा. तिथे ‘रामस्य’ बदलत नाही, पुढे पुत्र असो की कन्या. मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या व्याकरणात वादाला भरपूर जागा आहे. शाळेत पोचला तो नुसता तक्ता.

कॉकेशसमधली काराचाय-बाल्कर ही तुर्की कुळातली भाषा नेमकं उलट करते. ‘युय’ म्हणजे घर, ‘युयुम’ माझं घर, ‘युयुमदे’ माझ्या घरात. मालकाची खूण घराच्या अंगावर. आपल्याकडे घराची खूण मालकाच्या अंगावर: माझा वाडा, माझी खोली, माझं घर.

तक्त्यात न मावणारं आणखी एक. नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. नदीला येतं ते ‘पुराचं पाणी’, गावाचं मात्र ‘नरसिंहपूरचं पाणी’. नदीचा पूर वाकतो, गावाचा ताठ राहतो. ‘नरसिंहपुरात’ म्हटलं की गावही वाकतं. पुणं तर सगळीकडेच वाकतं: पुण्याचं, पुण्याला, पुण्यात. सामान्यरूपाचा धडा वेगळा, प्रत्ययांचा तक्ता वेगळा, आणि लक्षात राहतो तक्ता.

आमच्या धंद्यात याचा थेट परिणाम दिसतो. गावाचं नाव घ्या, पुढे ‘चे’ चिकटवा, झालं मराठी ॲप! ‘नरसिंहपूर चे हवामान’ वाचताना मधली मोकळी जागा सोडली तर फारसं काही खटकत नाही. ‘पुणे चे हवामान’ मात्र दातात खडा यावा तसं लागतं. तपासणाऱ्याने बहुधा फक्त सोलापूर टाकून पाहिलं असावं.