पाठ तोच ठेवा, निरूपण वेगळे करा



ज्ञानेश्वरीच्या पारायणात व्यासपीठचालक एक ओवी म्हणतात आणि आपल्या पोथीत शब्द थोडा निराळा असतो. आपण थबकतो. शेजारचा माळकरी हळूच विचारतो, "माउली, तुमची प्रत कुठली?" या प्रश्नात भांडण नाही. ओवी माउलींची आहे, तिच्यात माझा शब्द शिरला का, एवढीच त्यात काळजी आहे. सातशेहून अधिक वर्षे हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला, तो अशी काळजी करणाऱ्यांच्या हातांतून आला.

हाच प्रश्न आज जुन्या चित्रपटांच्या बाबतीत जगभरचे रसिक विचारत आहेत. लहानपणी थिएटरात पाहिलेला चित्रपट घरी बघावा म्हणून ते कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे विकत आणतात, आणि आत भलतेच काही निघते. कुठे प्रसंग बदललेला, कुठे चेहरा बदललेला, कुठे नवा आवाज घातलेला. जुनी प्रत मागावी तर ती मिळत नाही. त्यांचा राग पुष्कळांना पोरकट वाटतो. मला तो आपल्या घरातला प्रश्न वाटतो, म्हणून या पानांवर सिनेमाचा विषय काढला आहे.

सगळ्यात गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' १९७७ साली आला. त्याचे पुढचे दोन भाग १९८० आणि १९८३ साली आले. अंतराळातली लढाई हा त्याचा वरचा पेहराव. आतली गोष्ट आपल्या ओळखीची आहे: अधर्माच्या चाकरीत गेलेला एक बाप अखेरच्या क्षणी मुलासाठी पालटतो आणि तरून जातो. १९९७ साली लुकास यांनी तिन्ही भाग दुरुस्त करून 'विशेष आवृत्ती' म्हणून पुन्हा आणले. २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल झाले, २०११ च्या ब्लू-रेत आणखी. त्यांतले तीनच बदल पाहू.

पहिला बदल. हान सोलो हा चोरटा माल वाहणारा, पैशांपुरते बघणारा माणूस. त्याला धरायला आलेला मारेकरी समोर बसलेला असताना १९७७ च्या चित्रपटात हान टेबलाखालून स्वतःच गोळी झाडतो. हाच माणूस शेवटी मित्रांसाठी जीव धोक्यात घालून परत येतो, तेव्हा आपल्याला बरे वाटते. १९९७ च्या आवृत्तीत आधी मारेकरी गोळी झाडतो आणि हान नंतर. म्हणजे हान पहिल्यापासूनच सज्जन ठरला. आता सांगा, वाल्या कोळ्याच्या कथेतून त्याची वाटमारीच काढून टाकली, तर वाल्मीकी झाले याचे नवल काय उरले? रांजणात खडेच नसतील तर नारदांना विचारायला तरी काय उरते? पात्राचा डाग पुसायला गेले आणि त्याचा पालट पुसला गेला.

दुसरा बदल. तिसऱ्या भागाच्या शेवटी काळ्या मुखवट्यातला बाप उभा आहे. त्याचा धनी त्याच्या मुलाचा छळ करतो आहे. बाप एकदा मुलाकडे बघतो, एकदा धन्याकडे. एक शब्द बोलत नाही. मुखवट्यामुळे चेहराही दिसत नाही. मग तो धन्याला उचलून खोल दरीत फेकून देतो. त्या मुकेपणात सगळी कथा होती. आत काय चालले ते बघणाऱ्याने स्वतःच्या अंतःकरणात ऐकायचे होते. २०११ च्या ब्लू-रेत तिथे "नाही, नाही" असे ओरडणे घातले. कीर्तनात बुवा भरल्या गळ्याने थांबले, टाळकरी थांबले, मंडपात शांतता पसरली, आणि तेवढ्यात कोणी माइक हातात घेऊन "बुवांना आता गहिवरून आले आहे" असे सांगितले, तर कसे वाटेल? तसे झाले.

तिसरा बदल मला सगळ्यांत जड वाटतो. तरून गेलेला तो बाप शेवटी आपल्या गुरूंच्या शेजारी तेजोरूपाने उभा दिसतो. १९८३ साली ते काम सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाने केले होते. म्हाताऱ्या, थकलेल्या, पण निवलेल्या चेहऱ्याचा तो माणूस. शॉ १९९४ साली वारले. २००४ च्या डीव्हीडीत त्या ठिकाणी हेडन क्रिस्टेन्सन हा तरुण नट बसवला, कारण नंतरच्या भागांत तरुणपणीचा बाप त्याने केला होता. गेलेल्या माणसाचे काम त्याच्या माघारी काढून टाकले, याचे दुःख आहेच. पण अर्थही बिघडला. म्हातारपणी, अखेरच्या श्वासाला पालटलेला जीवही तरतो, हे त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यात होते. तरुण चेहरा आणला आणि ती गोष्ट गेली.

यावर कोणी म्हणेल, "चित्रपट त्यांचा, पैसा त्यांचा, ते काहीही करतील." हा आक्षेप हलका नाही, तो नीट तोलला पाहिजे. पण या बाबतीत लुकास यांचीच साक्ष उपलब्ध आहे. १९८८ साली अमेरिकेत जुन्या कृष्णधवल चित्रपटांना यंत्राने रंग देण्याचा धंदा जोरात होता, आणि त्याविरुद्ध ते अमेरिकी काँग्रेससमोर बोलायला गेले होते. नफ्यासाठी किंवा सत्तेच्या बळावर कलाकृती बदलणाऱ्यांना त्यांनी तिथे रानटी म्हटले. उद्याचे तंत्रज्ञान जुने नट काढून ताजे चेहरे बसवील आणि संवाद बदलील, असा इशाराही त्यांनी दिला. सोळा वर्षांनी ताजा चेहरा बसला तो त्यांच्याच चित्रपटात. आणि त्याच २००४ साली, आपल्या लेखी तो जुना चित्रपट आता अस्तित्वातच नाही, अशा अर्थाचे ते बोलले. २००६ साली जुन्या आवृत्त्या डीव्हीडीवर जोड म्हणून दिल्या, त्याही जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून उतरवलेल्या आणि फिक्या. मग रसिकांनीच थिएटरातल्या जुन्या फिल्मच्या प्रती शोधून, चौकटीमागून चौकट उतरवून घेऊन, १९७७ चा चित्रपट पुन्हा उभा करायला घेतला. २०२५ च्या जून महिन्यात लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची मूळ प्रत पडद्यावर दाखवली, तेव्हा ती मोठी बातमी झाली. स्वतःच्या काळात लाखोंनी पाहिलेली वस्तू बघायला मिळणे ही बातमी व्हावी, यातच सगळे आले.

आता कर्त्याच्या हक्काकडे वळू. गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, त्या दुसऱ्या कोणी ओढून नेऊन बुडवल्या नाहीत. रामेश्वर भट्टांच्या सांगण्यावरून तुकोबांनी स्वतःच्या हाताने बुडवल्या. म्हणजे कर्त्यानेच आपली कृती पाण्यात सोडली. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, असे आपण श्रद्धेने मानतो. ज्यांना चमत्कार पटत नाही, तेही म्हणतात की अभंग तोवर लोकांच्या मुखी बसले होते, म्हणून बुडाले नाहीत. दोन्ही बाजूंनी अर्थ एकच निघतो. जे एकदा लोकांच्या कंठात गेले, ते बुडवण्याचा अधिकार कर्त्याच्याही हातात पूर्ण राहत नाही. लुकास यांनी नवी आवृत्ती करावी, शंभर कराव्यात. तक्रार नवीन करण्याबद्दल नाही. जुने पाण्यात सोडले, तक्रार त्याची आहे.

आपल्या परंपरेत याचा निवाडा नाथांनी आधीच करून ठेवला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात पाठभेद शिरले, कोणी स्वतःच्या ओव्याही घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले काढले आणि ग्रंथ शुद्ध केला. यापुढे कोणी आपली ओवी आत घालू नये, घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवणे, असे त्यांनी बजावले. नाथांच्या अंगी कवित्व कमी नव्हते. एकनाथी भागवत आणि भावार्थ रामायण आपल्यासमोर आहे. पण स्वतःचे जे सांगायचे ते त्यांनी स्वतःच्या ग्रंथात, स्वतःच्या नावाने सांगितले. माउलींच्या ओवीत आपला शब्द मिसळला नाही.

इथे साफ करणे आणि बदलणे यांतला फरकही कळतो. जुन्या फिल्मवरचे ओरखडे काढणे, उडालेला रंग मूळ प्रतीशी ताडून परत आणणे, खरखर कमी करणे, हे शोधन आहे. त्याला कोणी हरकत घेऊ नये. प्रसंग, चेहरा किंवा शब्द बदलणे हे क्षेपक घालणे आहे. बदलायचेच असेल तर चांगली वाटही आहे. रिडले स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर' या १९८२ च्या चित्रपटाची २००७ साली एक पेटी निघाली. तिच्यात दिग्दर्शकाची अखेरची आवृत्ती होती, तशाच थिएटरातल्या आणि मधल्या आवृत्त्याही होत्या, एकूण पाच. पाठभेद देणाऱ्या चांगल्या पोथीसारखे हे काम झाले. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली. तिच्यावर वाद झाले, पण नाथांची प्रत कोणी लपवली नाही.

चूक सुधारण्याचेही उदाहरण आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई.टी.' या १९८२ च्या चित्रपटात मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातांत बंदुका होत्या. २००२ च्या आवृत्तीत त्या पुसून वॉकीटॉकी दाखवले. पुढे स्पीलबर्ग यांनी ते करायला नको होते असे जाहीरपणे म्हटले, आणि २०१२ च्या ब्लू-रेत मूळ चित्रपटच दिला. पश्चात्तापाला आपल्याकडे मान आहे. तो इथेही द्यावा.

आता आपल्या दारात येऊ. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल; तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या चित्रपटात बीज आणि वृक्षाचे एक गीत आहे. कित्येक जण ते तुकोबांचे म्हणून गातात, पण ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. गाथेत ते नाही. आठवल्यांनी गाथेत घुसखोरी केली नाही, आपल्या नावाने गीत लिहिले. ते तुकोबांच्या नावावर घातले ते आपण. तेव्हा लुकास यांना बोल लावताना, माउलींनो, आपल्या भजनाची वहीही एकदा तपासून घ्या.

या चित्रपटांची काळजी आज अधिक आहे, कारण २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मचा साठा जळाला आणि प्रभातच्या अनेक मूळ प्रती त्यात गेल्या. आता नकला हेच आपले धन. आणि नकला कशा येतात? कृष्णधवलला रंग देऊन, लांबी छाटून, कोपऱ्यात कंपनीची मुद्रा ठोकून. 'मुघल-ए-आझम' २००४ साली रंगवून आणला, तेव्हा त्याचे कर्ते के. आसिफ हयात नव्हते. ते १९७१ सालीच गेले होते. त्यांना सगळा चित्रपट रंगीत करायचा होता, असे समर्थनात सांगतात. असेलही. पण मग रंगीतच्या शेजारी कृष्णधवलही ठेवा. निवड बघणाऱ्याला करू द्या.

आणखी एक बदल इतका गुपचूप होतो की तो लक्षातही येत नाही. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी असते. ती आजच्या रुंद टीव्हीवर पूर्ण भरायची म्हणून वरून आणि खालून कापतात, आणि चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. वरून पागोटे जाते, खालून पाय. भजनात नाचणाऱ्या माणसाचे पाऊलच दिसत नसेल, तर काय पाहिले? आपण पंढरीला समचरण पाहायला जातो. पायांचे मोल आपल्याला निराळे सांगायला नको.

म्हणून विनंती एवढीच. प्रत घेताना किंवा मोबाइलवर लावताना पारायणातला प्रश्न विचारा: ही प्रत कुठली? मूळ लांबीची आहे का? चौकट पूर्ण आहे का? बदल केले असतील तर ते वेष्टनावर लिहिले आहेत का, आणि मूळही सोबत दिले आहे का? दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्या घालवायला बटण दाबू नका. त्या पट्ट्यांच्या मध्ये पूर्ण चित्र आहे. घरात जुनी कॅसेट असेल तर नवी आली म्हणून ती भंगारात देऊ नका.

कीर्तनकार आधी अभंग म्हणतो, जसा आहे तसा. मग निरूपण करतो आणि त्यात आपले सगळे ज्ञान, आपला काळ, आपला दृष्टांत आणतो. निरूपण दर कीर्तनात नवे असते, असावेच. शेवटी तो पुन्हा त्याच अभंगावर येतो, आणि अभंग होता तसाच असतो. एवढी शिस्त चित्रपट विकणाऱ्यांनी पाळली, तर रसिकांची तक्रार उरणार नाही.

रामकृष्णहरी.