वाळवंटातील गृहस्थ : जोसेफ वुड क्रच ह्यांच्या मरुलेखनाचा विचार

वाळवंटाविषयी इंग्रजी भाषेत जे गद्य निर्माण झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग प्रवाशांचा. चार्ल्स डाउटी ह्यांचे १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले अरबस्तानचे प्रवासवर्णन किंवा विल्फ्रेड थेसिजर ह्यांचे ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) ही ह्या वर्गाची ठळक उदाहरणे होत. ह्या लेखनात वाळवंट हे पार करावयाचे असते. तहान, थकवा आणि भय ह्यांच्या कसोटीस लेखक उतरतो की नाही, ह्यावर वाचकाचे लक्ष खिळलेले असते. दुसरा वर्ग विरक्तांचा. येथे वाळवंट म्हणजे शून्य. आत्मशोधासाठी निवडलेली रिकामी जागा. दोन्ही वर्गांत एक गोष्ट समान आहे. वाळवंटात कोणी घर करून राहतो, सकाळी चहाचा पेला हाती घेऊन खिडकीतून पक्षी पाहतो, ही कल्पनाच तेथे संभवत नाही.

जोसेफ वुड क्रच ह्यांची ‘द डेझर्ट इयर’ (१९५२) आणि ‘द व्हॉइस ऑफ द डेझर्ट’ (१९५५) ही दोन पुस्तके ह्या दोन्ही वर्गांत बसत नाहीत, आणि म्हणूनच ती स्वतंत्र विचारास पात्र आहेत. क्रच (१८९३–१९७०) हे न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक आणि ‘द नेशन’ ह्या साप्ताहिकाचे नाट्यसमीक्षक होते. विज्ञानाने मानवी मूल्यांचा आधार काढून घेतला, अशी निराश मांडणी करणारे ‘द मॉडर्न टेम्पर’ (१९२९) हे त्यांचे पुस्तक त्या काळी बरेच गाजले. त्यानंतर सॅम्युएल जॉन्सन आणि थोरो ह्यांची चरित्रे त्यांनी लिहिली. अशा पूर्णतः नागर आणि ग्रंथनिष्ठ गृहस्थाने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास विद्यापीठातून रजा घेऊन ॲरिझोनातील टूसॉन गावाजवळ मुक्काम केला, आणि १९५२ मध्ये तो तेथेच कायमचा राहावयास गेला.

हे वाचताच भारतीय वाचकाच्या मनात वानप्रस्थ हा शब्द उभा राहणे स्वाभाविक आहे. तथापि तो मोह आवरला पाहिजे. क्रच ह्यांनी कशाचाही त्याग केलेला नाही. पत्नी बरोबर आहे, पुस्तके बरोबर आहेत, दाराशी मोटार आहे. त्यांनी आश्रम बदलला नाही, गाव बदलले. त्यांच्या लेखनाचे मर्म ह्या गृहस्थपणातच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. मराठीत ‘वाळवंट’ म्हटले की वाळू आलीच. किंबहुना वारकरी परंपरेत वाढलेल्या कानांना ह्या शब्दाचा पहिला अर्थ चंद्रभागेचा वाळूचा काठ हाच ऐकू येतो. तेथे निर्जनता नसून दाटी आहे, मौन नसून टाळमृदंगाचा गजर आहे. ‘मरुभूमी’ ह्या संस्कृत शब्दात मात्र मरणाचे सूचन कानाला जाणवते. क्रच ज्या सोनोरन प्रदेशाचे वर्णन करतात त्यास ह्यांपैकी एकही शब्द नीट लागू पडत नाही. तेथे वाळूच्या टेकड्या क्वचितच दिसतात. वर्षाकाठी सुमारे ११ इंच पाऊस पडतो, आणि तोही हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, अशा दोन हंगामांत. जमिनीवर काटेरी झुडपे अंतर राखून उभी असतात, आणि त्यांच्यामधून साग्वारो नावाचे स्तंभाकार निवडुंग चाळीस फुटांपर्यंत, कधी त्याहूनही उंच वाढतात. दीडशे वर्षांचे आयुष्य त्याला अपूर्व नाही; पहिली फांदी फुटावयासच बहुधा अर्धशतक किंवा त्याहून अधिक काळ लागतो. सुतारपक्षी त्याच्या खोडात ढोली कोरतात आणि त्यांनी सोडलेल्या ढोलीत चिमुकली घुबडे संसार थाटतात. अशा वसाहतीस ‘शून्य’ म्हणणे हे पाहणाऱ्याचे अज्ञान होय, हाच क्रच ह्यांचा प्रारंभबिंदू आहे. कोरडेपणा ही तेथील जीवांच्या दृष्टीने आपत्ती नव्हे, ती त्यांची रीत आहे. बियांच्या पचनातूनच शरीरास लागणारे पाणी मिळवणारा कांगारू-उंदीर आयुष्यभर पाणी न पिता राहू शकतो. त्याला आपण तहानलेला म्हणावे काय?

आता ह्या पुस्तकांत घडते तरी काय? घटना ह्या अर्थाने फारसे काहीच नाही. एक प्रौढ मनुष्य फिरावयास जातो, पक्षी ओळखावयास शिकतो, पावसाची वाट पाहतो, रात्री अंगणात उभा राहतो. ह्यास आपण छंद म्हणू. येथे मराठी भाषा समीक्षकाच्या साहाय्यास येते. संस्कृतात वृत्तवाचक ‘छन्दस्’ आणि आवडवाचक ‘छन्द’ अशी दोन रूपे आहेत. मराठीत दोहोंचे एकच ‘छंद’ झाले. हा ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम आहे, त्यातून तत्त्वज्ञान काढू नये हे खरे. तथापि क्रच ह्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. त्यांचा छंद म्हणजे ठरावीक अंतराने तेथेच परत येणे. तोच ओढा, तेच झुडूप, तोच पक्षी पुन्हा पाहिला जातो, आणि त्या आवर्तनातून गद्याला लय मिळते. प्रवासी लेखकाचे वाक्य पुढे धावते. गृहस्थाचे वाक्य त्याच जागी परतते.

‘द डेझर्ट इयर’मधील बेडकाविषयीचे प्रकरण ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ह्या प्रदेशातील एक जातीचा बेडूक वर्षातील बहुतेक महिने जमिनीखाली पुरून घेऊन राहतो. उन्हाळी पावसाचा पहिला सडका पडताच तो वर येतो, डबक्यात ओरडतो, अंडी घालतो. अवघ्या काही आठवड्यांत सारा व्यवहार आटोपून पुन्हा नाहीसा होतो. उरलेले महिने तो काय करीत असेल, हा क्रच ह्यांचा प्रश्न. प्रकरणाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला चिंतनशील म्हटले आहे. हा विनोद आहे, पण केवळ विनोद नाही. १९२९ मध्ये जो लेखक निसर्गाला यंत्रवत् आणि माणसाविषयी उदासीन मानीत होता, तोच येथे प्राण्याच्या ठिकाणी जाणीव, कदाचित आनंदही, मानावयास सिद्ध झाला आहे. १९५४ च्या ‘द मेझर ऑफ मॅन’ ह्या पुस्तकात मनुष्य हा सर्वस्वी परिस्थितीचा परिणाम नव्हे, असा जो युक्तिवाद त्यांनी केला, त्याची पूर्वतयारी टूसॉनच्या डबक्याकाठी झाली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

परंतु हा युक्तिवाद सिद्ध होतो काय? इंग्रजीत प्राण्याचा निर्देश ‘ही’ ह्या सर्वनामाने करावा की ‘इट’ ह्या, हा लेखकापुढील पर्याय आहे. ‘ही’ निवडताच व्यक्तित्वाचे अर्धे काम व्याकरण करून टाकते. मराठीत बेडूक पुंल्लिंगी आहेच; तेथे निवडीस वावच नाही. उलट मराठीत ही निवड विभक्तीवर येऊन पडते. ‘बेडूक ओरडतो’ हे निरीक्षण झाले. ‘बेडकाला आनंद होतो’ असे म्हणताक्षणी चतुर्थीने अनुभव घेणारा कोणी तेथे आहे, असे आपण विधान केलेले असते. क्रच ह्यांच्या गद्यातील पुष्कळशी संदिग्धता मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकास टिकवता येणार नाही. प्रत्येक वाक्यात त्याला उघड बाजू घ्यावी लागेल. त्यांचा विचार कोठे निरीक्षणावर उभा आहे आणि कोठे भाषेच्या सोयीवर, हे ह्या कसोटीने चांगले कळते. माझ्या मते तो बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या प्रकारचा आहे. तरीही तो त्याज्य ठरत नाही. कारण तो सिद्धांत म्हणून नव्हे, सहवासातून आलेल्या सौजन्याच्या रूपाने पुढे येतो.

मराठी वाचकास येथे दुर्गा भागवत ह्यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) ह्या पुस्तकाची आठवण होईल. क्रच ह्यांनीही १९४९ मध्ये ‘द ट्वेल्व्ह सीझन्स’ हे बारा महिन्यांवरील निबंधांचे पुस्तक लिहिले होते. ‘ऋतुचक्रा’चा प्रारंभ चैत्राने होतो, तर क्रच एप्रिलपासून सुरुवात करतात, दोघांनाही पंचांगाची चौकट पुरेशी वाटते. परंतु दुर्गाबाईंच्या निसर्गात लोकजीवन, सण आणि शब्दपरंपरा ओतप्रोत भरलेली आहे. क्रच ह्यांच्या वाळवंटात माणसे विरळ आहेत.

हाच माझा मुख्य आक्षेप आहे. त्या भूमीत पिढ्यान्पिढ्या राहणारे लोक स्वतःस तोहोनो ओओधाम, म्हणजे वाळवंटाचे लोक, म्हणवितात. १९८६ मध्ये त्यांनी हेच नाव अधिकृतपणे स्वीकारले. साग्वारोचीच वाळलेली फासळी काठीला जोडून ते त्याची फळे पाडतात, रसाचे मद्य करतात आणि त्या विधीने पाऊस बोलावतात. त्यांच्या दृष्टीने साग्वारो हा निरीक्षणाचा विषय नसून पंचांगच आहे. क्रच ह्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी हे लोक येत नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) पाऊस पडत नाही तेव्हा गाव उठते. क्रच ह्यांच्या घरी पाऊस लांबला तर एक निबंध लांबतो. ज्याची भाकर पावसावर अवलंबून नाही, त्यालाच कोरडेपणा सुंदर दिसू शकतो, हे त्यांनी अधिक स्पष्टपणे सांगावयास हवे होते.

तथापि न्यायासाठी दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १९५० मध्ये सुमारे ४५ हजार वस्तीचे टूसॉन शहर १९६० मध्ये, काही अंशी हद्दवाढीमुळे, दोन लाखांच्या पुढे गेले, आणि त्याची तहान भूगर्भातील पाण्यावर भागत होती. त्या लोंढ्यात क्रच हेही एक होते. ‘द व्हॉइस ऑफ द डेझर्ट’मधील संरक्षणाविषयीच्या निबंधात ते म्हणतात ते असे, की माणसाच्या उपयोगासाठी निसर्ग जपणे पुरेसे नाही, इतर जीवांविषयी निरपेक्ष प्रेम असल्यावाचून ते जपणेही अखेर टिकणार नाही. हे प्रेम कोठून येते, ह्याचे उत्तर सिद्धांतात नाही. ते त्यांच्या दिनक्रमात आहे. रोज त्याच वाटेने जाऊन तेच झुडूप पाहणाऱ्याला ते तोडणे अवघड जाते.

वाळवंटाचे सर्व मानवी सत्य ह्या पुस्तकांत नाही. परंतु उतारवयाकडे झुकलेल्या विद्वानास नवा विषय शून्यातून शिकता येतो, पूर्वीचे मत सोडता येते, आणि दैनंदिन जीवन हे विचाराचे साधन होऊ शकते, एवढे त्यांनी दाखवून दिले आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती प्रवासवर्णन म्हणून वाचू नयेत. एका समीक्षकाने आपल्याच पूर्वमताची केलेली दीर्घ आणि शांत समीक्षा म्हणून वाचावीत.