अनुभवाचे मोजमाप : भूमिकाखेळातील मूल्यनिर्णयाचा प्रश्न

साहित्यकृतीचे मूल्यमापन ती पूर्ण झाल्यानंतर होते आणि ते तिच्याबाहेरील कोणीतरी करते, हे समीक्षेने बहुधा गृहीत धरलेले असते. वाचक कादंबरी वाचून संपवतो आणि मग निर्णय देतो. त्या निर्णयामुळे नायकाच्या अंगी बळ येत नाही, की कादंबरीचे पुढचे प्रकरण बदलत नाही. हे गृहीतक जेथे लागू पडत नाही असा एक कथनप्रकार गेल्या अर्धशतकात अमेरिकेत उदयाला आला आणि तेथून इतरत्र पसरला. टेबलाभोवती बसून, फासे आणि नियमग्रंथ यांच्या साहाय्याने खेळला जाणारा अद्भुतकथात्मक भूमिकाखेळ हा तो प्रकार होय. येथे निर्मिती चालू असतानाच तिच्यावर निर्णय दिला जातो, तो आकड्यात सांगितला जातो आणि त्या आकड्याने पुढील निर्मितीच्या शक्यता ठरतात. या आकड्याला 'एक्सपीरियन्स पॉइंट' असे नाव आहे. येथे आपण त्याला 'अनुभवांक' म्हणू. अनुभवांक कोणी, कशासाठी आणि कोणत्या अधिकाराने द्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता खेळाच्या तंत्राचा वाटतो. वस्तुतः तो मूल्यनिर्णयाच्या स्वरूपाचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची मुळे लष्करी युद्धखेळांत होती. पण युद्धखेळातील खेळाडू सैन्य हलवतो, तर येथे प्रत्येक खेळाडू एकाच पात्राची भूमिका घेतो. आपले पात्र काय करते, काय बोलते हे तो सांगतो. उरलेले सारे जग, म्हणजे भुयारे, नगरे, राक्षस, राजे आणि भिकारी, एका व्यक्तीच्या हाती असते. तिला 'गेम मास्टर' म्हणतात. मराठीत तिला सूत्रधार म्हणणे सोयीचे आहे. मात्र संस्कृत नाटकाचा सूत्रधार प्रस्तावना संपल्यावर निघून जातो, तर हा शेवटपर्यंत उपस्थित राहतो आणि शेवटी अनुभवांकांचे वाटपही करतो. ठरावीक अनुभवांक साठले की पात्र वरच्या पायरीवर जाते. त्याची प्रहार सोसण्याची शक्ती वाढते, नवे मंत्र त्याला साध्य होतात, पूर्वी ज्या संकटापासून पळावे लागे त्याला सामोरे जाता येते. म्हणजेच कथेत यापुढे काय घडू शकेल, याची सीमा बदलते.

आरंभीच्या नियमांत या वाटपाचा मुख्य आधार सोने हा होता. भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या संपत्तीतील एका सुवर्णनाण्याला एक अनुभवांक, असे सरळ समीकरण होते. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक नियमग्रंथात योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर जाण्यासाठी २००० अनुभवांक लागतात, आणि ऑर्क जातीचा एक सामान्य शत्रू पाडल्याचे १० अनुभवांक मिळतात. तेही जिवंत राहिलेल्या सर्वांत वाटले जातात. केवळ लढून वर चढायचे तर एका योद्ध्याच्या वाट्याला असे दोनशे शत्रू यावे लागतील. साहजिकच शहाणा खेळाडू लढाई टाळतो. तो शत्रूला फसवतो, लाच देतो, दोन टोळ्यांत भांडण लावतो, रात्री दोर टाकून भिंत उतरतो. हा खेळ म्हणजे निव्वळ हाणामारी, असा जो समज आहे, त्याला मूळ नियमांचे गणितच छेद देते.

या समीकरणात एक मूल्यदृष्टी दडलेली आहे, हे नाकारता येणार नाही. भुयार हा निर्जन प्रदेश नसतो. तेथे कोणीतरी राहते आणि त्याचे धन हलवणे हाच येथे 'अनुभव' ठरतो. लुटीला पराक्रम मानणारी ही दृष्टी अनेक प्राचीन वीरकथांत आढळते, तशीच ती वसाहतींच्या इतिहासातही आढळते. परंतु या नियमाचा एक गुण त्याच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटतो. सोने किती आणले हे मोजता येते. ते कसे आणले याविषयी नियम मौन पाळतो. साध्य कोणते हे तो बाहेरून लादतो, पण साधनांच्या बाबतीत खेळाडूला मोकळे सोडतो. सूत्रधाराला खेळाडूची युक्ती आवडली नाही, त्याचे बोलणे रटाळ वाटले, तरी नाणी तेवढीच राहतात. येथे सूत्रधार हिशेबनीस असतो. रसिक किंवा परीक्षक नसतो.

तो परीक्षक होण्याची सुरुवात गायगॅक्स यांच्याच १९७९ च्या सूत्रधारासाठी लिहिलेल्या ग्रंथात झाली. त्यानुसार पात्राने आपल्या व्यवसायाला साजेसे वर्तन केले की नाही याची सूत्रधाराने चार दर्जांत प्रतवारी करायची आणि त्या प्रतवारीवरून पात्राला वरच्या पायरीसाठी किती आठवडे प्रशिक्षण घ्यावे लागेल हे ठरवायचे. प्रशिक्षणाचा आठवड्याचा खर्च पात्राच्या पायरीला १५०० सुवर्णनाण्यांनी गुणून येई. म्हणजे पहिल्या पायरीवरच्या पात्राला उत्तम शेऱ्यावर १५०० नाणी, तर निकृष्ट शेऱ्यावर चार आठवड्यांची ६००० नाणी मोजावी लागत. लढाईत मागे राहणारा योद्धा हा वाईट योद्धा, एवढाच येथे निकष होता. भित्र्या योद्ध्याची भूमिका कोणी मनःपूर्वक करीत असेल, ही शक्यता त्यात बसत नव्हती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने सोन्याचे अनुभवांक ऐच्छिक ठरवले आणि वैयक्तिक पुरस्कारांची कोष्टके दिली. खेळाडूला चतुर कल्पना सुचल्यास ५० ते १००, संपूर्ण गटाला वाचवणारी कल्पना सुचल्यास १०० ते ५००, भूमिका चांगली वठवल्यास १०० ते २००. लुटीकडून अभिनयाकडे झालेला हा प्रवास अनेकांना खेळाच्या प्रगल्भतेची खूण वाटला. प्रस्तुत लेखकाला तो इतका निःसंदिग्ध वाटत नाही.

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी 'शेअर्ड फॅन्टसी' (१९८३) या अभ्यासग्रंथात अर्व्हिंग गॉफमन यांची 'चौकट' ही संकल्पना या खेळांना लावून दाखवली. टेबलाशी बसलेला माणूस एकाच वेळी तीन चौकटींत वावरतो : तो सामान्य व्यक्ती असतो, नियम जाणणारा खेळाडू असतो आणि कथेतील पात्रही असतो. अनुभवांक या चौकटींच्या सीमा ओलांडतात. कल्पना सुचते ती खेळाडूला. बळ वाढते ते पात्राचे. सोन्याच्या नियमात हे संक्रमण निदान कथेतील घटनेमार्फत होते, कारण पात्राने खरोखर काही मिळवलेले असते. अभिनयाच्या पुरस्कारात मात्र मधला दुवाच नाहीसा होतो. खेळाडूने मृत भावासाठी शोक उत्तम व्यक्त केला म्हणून पात्राचे खड्ग अधिक अचूक होते. या दोहोंत कथेच्या पातळीवर कोणताही कार्यकारणभाव नाही. आहे तो फक्त सूत्रधाराचा प्रसन्नपणा.

परिणामी अभिनयाचा रोख बदलतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांची चर्चा करताना स्वतःच्या सुखदुःखाने व्याप्त होणे हे एक विघ्न मानले आहे. भूमिकाखेळात नट आणि प्रेक्षक हे एकच असल्यामुळे हे विघ्न दुहेरी ठरते. शोक व्यक्त करणाऱ्या खेळाडूच्या मनात दोनशे अनुभवांक असतील, तर तो त्या शोकात नसतो. आणि इतरांच्या मनात ती शंका असेल, तर तेही नसतात. शिवाय तो शोक सहकाऱ्यांना उद्देशून न राहता पुरस्कार देणाऱ्याला उद्देशून होतो. मितभाषी खेळाडू, ज्याची भूमिका दोन वाक्यांत आणि एका निर्णयात पुरी होते, तो येथे मागे पडतो. वाचाळ खेळाडू पुढे जातो, आणि पुढच्या खेपेला त्याचे पात्र बलवान असल्यामुळे कथाही त्याच्याच भोवती फिरू लागते. अभिरुचीचा एक निर्णय अशा रीतीने सत्तेत रूपांतरित होतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, अभिनयाला पुरस्कार न देणे हाही निर्णयच आहे. नियमग्रंथ ज्याला अंक देत नाही त्याला तो मूल्यही देत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेच जुन्या नियमाकडे परत जाणे हे उत्तर ठरत नाही. मूल्यनिर्णय टाळता येत नाही. प्रश्न उरतो तो, निकष कोणाला ठाऊक आहे आणि त्यावर वाद घालण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढाच.

या दृष्टीने पुढील प्रयोग पाहता येतात. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' या खेळाने अनुभवांकच काढून टाकले. यशस्वीपणे वापरलेले कौशल्य साहस संपल्यावर फासा टाकून वाढते, आणि प्रावीण्य जितके अधिक तितकी वाढीची शक्यता कमी. येथे अनुभव केलेल्या कृतीलाच चिकटून राहतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीतील २०१४ च्या सूत्रधारग्रंथाने, अंक न मोजता कथेतील महत्त्वाच्या टप्प्यांवर पात्रांना वर चढवण्याचा पर्याय दिला. त्यामुळे हिशेबाची कटकट आणि स्पर्धा दोन्ही संपतात. पण टप्पा कोणता हे बहुधा सूत्रधारच ठरवतो, आणि खेळाडूंनी कथेला वेगळेच वळण दिले तर ते वळण मोलाचे की भरकटणे, हेही त्याच्याच मनात राहते. निर्णय नाहीसा झालेला नसतो. तो फक्त दिसेनासा होतो.

व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात पात्राचे कोणते गुण या बैठकीत अनुभव मिळवून देतील, हे सूत्रधाराबरोबर एक सहखेळाडूही आधीच सांगतो. 'मला तुझे हे रूप पाहायचे आहे,' असे जणू तो म्हणतो. 'डंजन वर्ल्ड' (२०१२) मध्ये फासा अपयशी पडला की एक अनुभवांक मिळतो, आणि बैठकीच्या शेवटी सर्वांनी मिळून काही प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात : जगाविषयी काही नवे, महत्त्वाचे कळले का? एखाद्या उल्लेखनीय शत्रूवर मात केली का? लक्षात राहील असे धन मिळाले का? होकार आला तर अंक सर्वांना सारखाच. 'उल्लेखनीय' आणि 'लक्षात राहील असे' ही विशेषणे उघडच मूल्यवाचक आहेत. पण ती अगोदरपासून सर्वांसमोर असतात आणि त्यांचा अर्थ टेबलाभोवती चर्चेने ठरतो. निर्णयाला येथे समीक्षेचे रूप येते.

मराठी समीक्षेत नवसाहित्याच्या काळापासून 'अनुभव' हा शब्द अनन्यसाधारणत्वाच्या अर्थाने रूढ झाला; खरा अनुभव दुसऱ्याने बदलता येत नाही, असे आपण मानत आलो. अनुभवांकाची कल्पना याच्या अगदी उलट आहे. तेथे शोक, सोने आणि शत्रू हे एकाच परिमाणात मोजले जातात. या विरोधामुळे अनुभवांकाला हसून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु कृतीचे अनन्यत्व जपण्याची जबाबदारी आकड्यावर टाकताच येत नाही. आकडा फक्त निकष उघड करू शकतो. सोन्याचा नियम ओबडधोबड होता, पण उघड होता. अभिनयाचा पुरस्कार सुसंस्कृत होता, पण त्याचा निकष एका माणसाच्या आवडीत दडलेला होता. सूत्रधाराने खेळाडूच्या शोकाला दाद अवश्य द्यावी, ती शब्दांनी द्यावी, आणि तिच्याशी असहमत होण्याची मुभा इतरांना असावी. अंक मात्र अशाच गोष्टींना द्यावेत, ज्या देताना त्याला सर्वांसमोर कारण सांगता येईल.