भिंतीवर दिसलेली बाई

शेन ब्लॅकच्या 'द नाइस गाईज'चा (2016) विषय निघाला की बहुतेक जण दोन गोष्टी सांगतात: रायन गॉस्लिंग किती हसवतो, आणि सत्तरच्या दशकातलं लॉस एंजेलिस काय झकास उभं केलंय. दोन्ही खरं आहे. मी मात्र या चित्रपटाकडे पुन्हा पुन्हा वळतो ते त्यातल्या एका म्हातारीमुळे.

मिस्टी माउंटन्स ही अश्लीलपटांतली नटी मोटार अपघातात मरते. तिची मावशी (किंवा आत्या, इंग्रजीला हा भेद लागत नाही) ठामपणे सांगते की, त्यानंतर दोन दिवसांनी मी तिला खिडकीतून पाहिलं, टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. म्हातारीच्या चष्म्याच्या काचा जाड, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. हॉलंड मार्च हा खासगी गुप्तहेर तिचे पैसे तेवढे घेतो. बऱ्याच मारामाऱ्यांनंतर उलगडा होतो तो असा: त्या खोलीत टेबल नव्हतंच. तिथे प्रोजेक्टर होता, आणि म्हातारीने पाहिली ती भिंतीवर पडलेली फिल्म. नजर अधू, पण साक्ष चोख.

जुना काळ दाखवणारा चित्रपट दुसरं काय करतो? 1977 साल केव्हाच गेलं. पडद्यावर ते टेबलाशी बसून लिहिताना दिसतं. रुंद कॉलर, लांबलचक गाड्या आणि डिस्कोची गाणी वापरून बहुतेक चित्रपट आपल्याला ते जिवंत असल्याचं पटवत राहतात. ब्लॅक प्रोजेक्टर दाखवून मोकळा होतो. त्याचा पहिलाच देखावा पाहा: टेकडीवरची हॉलिवूडची पाटी मोडकळीला आलेली आहे. ती खरोखर तशी होती, 1978 मध्ये नवी उभारली गेली. या शहराच्या हवेत धुरकं इतकं की त्याविरुद्ध मुलं तोंडाला मुखवटे लावून, मेल्याचं सोंग घेऊन रस्त्यात पडलेली. अशा गावाची हुरहुर कुणाला कशी लागावी?

कटही या धुराचाच. धूर कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दाबून टाकायचा, असं मोटार कंपन्यांनी संगनमताने ठरवलंय. त्याचा पुरावा एका अश्लीलपटात लपवलाय. आणि तो नष्ट करायला निघालीय न्यायखात्यातली एक बडी अधिकारी. इतिहासाच्या शिक्षकाने इथे लाल शाई काढावी, कारण अमेरिकेत 1975 च्या मॉडेलांपासूनच हे यंत्र गाड्यांत बसू लागलं होतं. पण संगनमताचा आरोप कपोलकल्पित नव्हे. धूर रोखणाऱ्या साधनांना कंपन्या मिळून विलंब लावतात, असा खटला अमेरिकी न्यायखात्याने 1969 साली भरला होता, आणि तो त्याच वर्षी, सुनावणी न होता, तडजोडीने मिटला. चित्रपटातही कंपन्या सुटतात. दोन तास ज्यासाठी माणसं मेली त्याचा निकाल एका वाक्यात, टीव्हीवरच्या बातमीसारखा येऊन जातो.

आणि हे सगळं प्रचंड विनोदी आहे! आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारला भिंती अडवत नसत. मार्च खिडकीची काच हाताने फोडायला जातो आणि स्वतःचंच मनगट कापून घेतो. गुप्तहेराचं काम वास काढत जाण्याचं, तर याला वासच येत नाही. हा विनोद वाटतो तोवर कळतं की, गॅसगळतीचा वास त्याला आला नाही, घर जळलं आणि बायको गेली. त्याचा जोडीदार जॅक्सन हीली (रसेल क्रो) पैसे घेऊन लोकांची हाडं मोडणारा. हॉटेलच्या लिफ्टचं दार उघडतं, समोर गोळीबार आणि मुडदे. ही जोडगोळी एक शब्द न बोलता तशीच खाली परतते. मार्च प्रेताशेजारी टेकून बसतो आणि त्याच्या तोंडून आवाज फुटत नाही, तेव्हा मराठी प्रेक्षकाला बोबडी वळलेला लक्ष्मीकांत बेर्डे आठवल्याशिवाय राहणार नाही. घाबरणं हीसुद्धा नटाची हुकमत असते, हे गॉस्लिंगला कळलंय.

दोष आहेत. ॲमेलिया, जिच्यासाठी सगळी धावपळ, ती पात्र होतच नाही, मागावर राहायचं एक निमित्त उरते. शेवटची मारामारी रीळभर जास्त आहे. पार्टीतल्या उघड्या बायकांवर कॅमेरा रेंगाळतो तेव्हा ब्लॅक काळाची टर उडवतोय की तिचा लाभ घेतोय, हे मला ठरवता येत नाही, बहुधा दोन्ही.

त्याला सावरते मार्चची मुलगी हॉली (अँगौरी राइस). बापाची दारू, हीलीचे ठोसे, मोठ्यांचा सगळा नागडा बाजार ती पाहते, आणि तरी गाडीखाली आलेल्या मारेकऱ्याला वाचवायला धावते. हीली तिला मदत आणायला पाठवतो, तिची पाठ वळताच त्या जखमीचा गळा दाबतो आणि परतल्यावर सांगतो की तो वाचला नाही. पुढे दुसऱ्या मारेकऱ्यावर त्याचे हात पडतात तेव्हा ती म्हणते की, याला मारलंत तर तुमच्याशी कधीच बोलणार नाही. तो थांबतो. पहिल्या वेळी काय झालं ते आपल्याला ठाऊक असतं, आणि क्रोच्या चेहऱ्यावर तेही दिसतं.