अपघात, ‘म्हैस’ आणि आपले वाङ्मय

‘अपघात’ हा मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. शेजारच्या गुजराती माणसापुढे मात्र तो जपून वापरावा; त्याच्या भाषेत ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या. तिकडे निदान मरणाला कर्ता तरी आहे. आपल्याकडे कर्ता लागतच नाही. ‘भरधाव ट्रकने चिरडले’, ‘अज्ञात वाहनाची धडक’, ‘काळाने घाला घातला’ असे मथळे आपण चहाबरोबर वर्षानुवर्षे वाचत आलो. ट्रक धावतो, वाहन धडकते, काळ घाला घालतो. माणूस त्यात फक्त मरण्यापुरता येतो, आणि रस्ता तर येतच नाही.

8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे आमच्या नाशिकात छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर, मिर्ची चौकात, यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रकवर आदळून पेटली आणि बारा माणसे गेली. अशा वेळी काळाला पुढे केले की त्या चौकाची रचना, वाहनांचा वेग, रात्रभर गाडी हाकणाऱ्या चालकाची झोप हे सारे प्रश्न आपोआप मागे सरतात. काळाला कोणी जाब विचारीत नाही. माझी तक्रार वृत्तपत्रांविरुद्ध नाही. त्यांना रात्री बारापर्यंत पान भरायचे असते. माझी तक्रार आम्हा कथा-कादंबरीवाल्यांविरुद्ध आहे, कारण ही भाषा त्यांच्याकडे आमच्याच दुकानातून गेलेली आहे.

पूर्वी कादंबरीतले एखादे पात्र नको झाले की त्याला पटकी होई, प्लेग होई, क्वचित साप चावे. मोटार आली आणि लेखकाचे काम सोपे झाले. नायकाचे वडील कामावरून परतताना मोटारीखाली सापडतात आणि दुसऱ्या प्रकरणात आई शिवणयंत्र चालवू लागते. मोटार कोणत्या रस्त्यावर होती, तिथे दिवा होता का, वडील रस्ता ओलांडीत होते की कडेने चालत होते, कडेने चालायला जागा होती का, हे कोणीच सांगत नाही. उदाहरणे देत नाही. एकाचे नाव घेतले तर पुष्कळांची घ्यावी लागतील.

याच्या उलट एक गोष्ट पाहा. 9 जून 1865 रोजी इंग्लंडात स्टेपलहर्स्ट येथे आगगाडी पुलावरून घसरली आणि दहा माणसे मेली. त्या गाडीत कादंबरीकार डिकन्स होता. पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते आणि मुकादमाची वेळापत्रक पाहण्यात चूक झाली होती, हे चौकशीत निघाले. पुढच्याच वर्षी डिकन्सने ‘द सिग्नल-मॅन’ ही कथा लिहिली. (माझे शिक्षण मॅट्रिकचे, इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. तरी ही कथा वाचताना रात्री उठून दार लावले आहे की नाही ते पाहिले.) कथा भुताची आहे. परंतु त्या भुताच्या कथेतही तांबडा दिवा, घंटा, तारयंत्र, बोगद्याचे तोंड आणि तिथे एकटा जागणारा नोकर हे सगळे जागच्या जागी आहे. भूत आले तरी लेखक सिग्नल विसरला नाही. रेल्वेला चौकशीची शिस्त लागली आणि ती शिस्त वाङ्मयातही उतरली, असे मला वाटते. आपल्याकडेही आगगाडीला मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशीला येतो. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या वाट्याला पंचनामा येतो.

पंचनाम्यावरून आठवले. मराठीत रस्त्याविषयी लिहिलेले सर्वांत प्रामाणिक गद्य कोणते, असे कोणी विचारले तर मी पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ सांगेन. लोक म्हणतील, ती तर हसण्याची गोष्ट! हसण्याचीच आहे, दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती बसून ऐकावी अशीच आहे. पण पाहा, कोकणातून मुंबईकडे निघालेली एस.टी. म्हशीला धडकते आणि लेखक पुढे पळत नाही. तो गाडीबरोबर थांबतो. कोण कोणत्या बाकावर बसले आहे, कोणाला घाई आहे, कोणाला नाही, म्हशीची किंमत किती, चूक कोणाची, आणि सरकारी कागद कोणत्या गतीने चालतो, हे सारे त्यात आले आहे. कितीएक गंभीर कादंबऱ्यांत मेलेल्या माणसाची एवढी विचारपूस होत नाही.

ही कथा खासगी मोटारीत घडू शकली नसती. तिला एस.टी.च लागते. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धावली आणि मराठी लेखकाला एक नवी ओसरी मिळाली. सावकार, मास्तर, कोळीण, पुढारी आणि सासरी निघालेली पोर एकाच बाकावर बसू लागली. बस गेली की लेखकाची ती ओसरीही जाते, आणि नाशिककराला हे वेगळे सांगावे लागू नये. आमचे स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर, नाशिकरोडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथून गावात घोड्यांची ट्राम येत असे! ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि आज माझ्या वर्गातल्या मुलांना ही थाप वाटते. पुढे शहरातल्या बस एस.टी. महामंडळाने चालविल्या. 8 जुलै 2021 पासून महानगरपालिकेची ‘सिटीलिंक’ आली. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात. तथापि पगार थकले म्हणून कामगारांनी एकाहून अधिक वेळा काम बंद ठेवले. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रबरी चाकांच्या ‘मेट्रो निओ’ची घोषणा झाली, त्या मार्गावरून मात्र हे लिहीपर्यंत कोणी प्रवास केलेला नाही. दरम्यान ज्याने त्याने दुचाकी घेतली. तोंडाला फडके गुंडाळलेल्या माणसाशी कोण बोलणार, आणि त्याची गोष्ट कोण लिहिणार? ज्याला दुचाकी परवडत नाही, ती म्हातारी किंवा शिकवणीला निघालेली पोर, बस आली नाही की रस्त्याच्या कडेने चालू लागते. कडा असेल तर.

शाळेत निबंध तपासताना आपल्या भाषेची ही खोड कुठे लागते ते कळते. ‘मी पाहिलेला अपघात’ हा विषय आम्ही लिहिला, आता आमचे विद्यार्थी लिहितात. चाळीस वह्यांपैकी पस्तिसांत ट्रक भरधाव असतो, माणूस रक्ताच्या थारोळ्यात असतो, अंगावर काटा येतो आणि शेवटी आयुष्याचा भरवसा नसतो. ट्रक उभा असताना कोणी आदळले तरी तो भरधावच! गेल्या वर्षी एका मुलीने द्वारका चौकाविषयी लिहिले. तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला, तरी वर्षानुवर्षे लोक वरूनच जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत आले. तिने लिहिले होते की आजी खाली उतरत नाही, कारण पायऱ्या फार आहेत आणि खाली अंधार असतो. म्हणून आजी हात वर करून मोटारींतून चालते आणि मी तिचा पदर धरते. निबंधात अपघात झालाच नव्हता. विषय सोडून लिहिले म्हणून एका सहकारी बाईंनी गुण कापायला सांगितले. मी कापले नाहीत. त्या वहीतल्या चार ओळींत जो रस्ता आहे, तो मला अलीकडच्या पुष्कळ छापील पुस्तकांत सापडत नाही.

27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 39 यात्रेकरू मेले. साधूंनी नाणी उधळली आणि ती वेचायला झुंबड उडाली, असे तेव्हा सांगितले गेले. आजही कोणी ती हकीकत सांगू लागला की नाण्यापासूनच सुरुवात करतो. नाणे गोष्टीत चमकते. वाटेची रुंदी, तिचा उतार, समोरून येणाऱ्या माणसांचा लोंढा गोष्टीत मावत नाही असे आपण धरून चाललो आहोत. 2015 च्या सिंहस्थात नवे घाट होते, गर्दी निरनिराळ्या घाटांवर वाटली गेली, मोटारी गावाबाहेर थांबवून बसमधून माणसे आत आणली गेली. तशी दुर्घटना घडली नाही, आणि म्हणून त्याविषयी सांगायला कोणापाशी काही नसते. एवढा मोठा विषय असा पडून आहे: लाखो माणसे आली, न्हाली आणि घरी पोचली.

2027 चा सिंहस्थ आता तोंडावर आहे. कोणा तरुण लेखकाला त्यावर लिहायचे असेल, तर त्याने साधूंच्या जटांकडे मागाहून पाहावे. आधी सकाळी सहाला सरदार चौकातून रामकुंडापर्यंत चालत जावे, दोन हात पसरून भिंत किती लांब आहे ते पाहावे, आणि परतताना बसची वाट पाहत थांब्यावर कोण कोण उभे आहे ते वहीत टिपून ठेवावे.