तबकडीची साक्ष : डाउनलोडच्या काळात रेकॉर्ड कशाला हवी?



गाणे फोनवर मिळत असताना तबकडी कशाला हवी, हा आजचा प्रश्न. तबकडी म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर तिन्ही पिढ्या आहेत : लाखेची ७८ फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड, नंतरची एलपी आणि त्यानंतरची सीडी. या प्रश्नावर दोन पक्ष नेहमी भांडताना दिसतात. एक म्हणतो, जुने ते सोने, रेकॉर्डच्या आवाजातली ऊब तुमच्या फोनला येणार नाही. दुसरा म्हणतो, अहो, जागा अडते, धूळ बसते, सुई मिळत नाही, सोडा आता. आमच्या मते दोघेही चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. दोघांनाही तबकडी म्हणजे आवाज साठवायचं भांडं वाटतं. ती तेवढीच असती, तर हे व्याख्यान पाच मिनिटांत संपवता आलं असतं.

आधी ते आवाजाचं प्रकरण निकालात काढू. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. तीन मिनिटांचे गाणे तिथे सुमारे ३० एमबी जागा खाते. तेच गाणे १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ३ एमबीच्या आत बसते. म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग त्यात गाळून टाकलेला असतो. तंबोऱ्याची आस किंवा तबल्याच्या शाईवरची सूक्ष्म घुमक ऐकायची सवय असलेल्याला कधीकधी हे गाळणं खटकतं, हे खरं आहे. पण म्हणून डाउनलोड वाईट, असं ठरत नाही. आज काहीही न गाळता केलेली फाइल सहज मिळते. सीडीवर जे आकडे आहेत तेच जसेच्या तसे तिच्यात असतात. तेव्हा आवाजाच्या मुद्द्यावर सीडीची बाजू लढवणारा हरणार, यात आम्हाला शंका नाही. एलपीच्या उबेबद्दल म्हणाल, तर ती आवड आहे, आणि आवडीला आमची हरकत नाही. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या. १९८७ नंतर हे पहिल्यांदाच घडलं. पण भिंतीवर टांगायला घेतलेली एलपी ही सजावट झाली. तिच्यावरून तबकडीचं महत्त्व सिद्ध होत नाही.

दुसरं म्हणजे, डाउनलोडने जे दिलं ते नाकारणं हा कृतघ्नपणा होईल. पूर्वी एखाद्या संग्राहकाची मर्जी सांभाळल्याशिवाय जी रेकॉर्ड कानावर पडत नसे, ती आज तालुक्याच्या गावातला विद्यार्थी रात्री अकरा वाजता ऐकतो. आणि बघा, तबकडीने तरी वेगळं काय केलं होतं? गुरूच्या घरात कोंडलेलं गाणं तिने रस्त्यावर आणलं. भीमसेन जोशी लहानपणी गदगला होते. तिथे दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी ऐकली, आणि असं गाणं शिकायचं म्हणून ते घर सोडून निघाले. ही हकिकत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती तबकडी म्हणजे त्या काळची डाउनलोडच की! तेव्हा यंत्रातून आलेलं गाणं खोटं, असं रेकॉर्डच्या बाजूने बोलणाऱ्याने तरी म्हणू नये.

मग उरलं काय? आमचं म्हणणं असं की तबकडी ही साक्ष आहे. आवाज हा त्या साक्षीचा एक भाग. बाकीचा भाग लेबलावर, वेष्टनावर आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या आकड्यांत असतो. डाउनलोड करताना आपण आवाज घेतो आणि ही साक्ष मागे टाकून येतो.

उदाहरणं घेऊ. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. रेकॉर्डच्या शेवटी बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. आज ऐकणाऱ्याला त्याची गंमत वाटते, कुणाला तो नखराही वाटतो. कारण अगदी व्यवहारी होतं. मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला हे गाणं कुणाचं ते कसं कळणार? म्हणून नाव आवाजातच घातलं. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. उद्या कुणी ही फाइल 'स्वच्छ' करताना शेवटचे ते दोन सेकंद कापले, तर गाण्याचं नुकसान होणार नाही, पण हा सगळा इतिहास कापला जाईल. त्या सुरुवातीच्या लेबलांवर गौहर जान यांची ओळख कशी दिली होती? कलकत्त्याची पहिल्या दर्जाची नाचणारी, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांत. फोनवर तुम्हाला नुसतं नाव दिसतं आणि पुढे 'क्लासिकल'. एका कलावतीकडे बाजार कुठल्या नजरेने बघत होता, ते त्या लेबलाने सांगितलं. फाइलने ते पुसलं, आणि तेही आदरापोटी!

याहून बोलकं उदाहरण आपल्या घरातलं आहे. १९४९ सालचा 'महल' हा सिनेमा, आणि त्यातलं 'आएगा आनेवाला' हे गाणं. मूळ रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय होतं? कामिनी. सिनेमात मधुबालाने केलेल्या पात्राचं ते नाव. गाणं रेडिओवर लागलं, ही गायिका कोण म्हणून श्रोत्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि मग लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. आज कुठल्याही ॲपवर बघा, नाव बरोबर दिसेल. लता मंगेशकर. माहिती म्हणून फाइल खरी आणि लेबल खोटं. पण इतिहास म्हणून? पडद्यामागून गाणाऱ्या माणसाला नावसुद्धा द्यायची गरज वाटत नव्हती, ही गोष्ट त्या खोट्या लेबलावर शाबूत आहे. पुढे पार्श्वगायकांना नावासाठी आणि हक्कासाठी का भांडावं लागलं, ते समजून घ्यायचं असेल तर दुरुस्त केलेली फाइल उपयोगाची नाही. चुकीचं लेबलच पाहिजे.

आता थोडं तांत्रिक बोलू, पण कंटाळा येऊ देणार नाही. आपण '७८ची रेकॉर्ड' म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या रेकॉर्डी मिनिटाला ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. वेग कमीजास्त असे. समजा मुद्रण ७२ फेऱ्यांवर झालं आणि आपण तबकडी ७८वर लावून फाइल केली. ३ मिनिटं १५ सेकंदांचं गाणं बरोबर ३ मिनिटांत संपेल. सूर सव्वा श्रुतीने नव्हे, चांगला स्वरभर चढेल : काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्याही पुढे जाऊन बसेल. तान आहे त्यापेक्षा तयार वाटेल, आवाज बारीक वाटेल. आणि मग त्या फाइलवरून आपण लेख लिहिणार की अमुक गवयाचा आवाज किती टोकदार, लय किती चढी! समीक्षा गवयाची नाही, कुणाच्या तरी यंत्राच्या वेगाची होणार. तबकडी हातात असेल, तर पट्टीतल्या आकड्यावरून मुद्रण कोणत्या काळातलं ते शोधता येतं आणि वेग पुन्हा तपासता येतो. फाइलमध्ये एकदा चूक गेली की तिच्या हजार प्रती होतात, आणि प्रत्येक प्रत तितकीच खात्रीची वाटते.

नासाच्या मंडळींना हे नेमकं कळलं होतं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर त्यांनी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, 'जात कहां हो'. पण त्या तबकडीच्या आवरणाकडे बघा. सुई कुठे ठेवायची, एक फेरी किती वेळात व्हायला हवी, हे तिथे चित्रांनी कोरलं आहे, आणि वेळ मोजायचं माप हायड्रोजनच्या अणूवरून दिलं आहे. सोबत सुईसुद्धा दिली आहे. ज्याला आपली भाषा, आपलं घड्याळ, आपली पृथ्वी माहीत नाही, त्याच्यासाठी नुसता आवाज पुरणार नाही, हे त्यांनी ओळखलं. आपल्या नातवंडांसाठी एवढी काळजी आपण घेतो का?

मालकीचाही मुद्दा आहे, तो थोडक्यात सांगतो. ॲपवर महिन्याचे पैसे भरतो तेव्हा आपण ऐकायची परवानगी घेतो, वस्तू नाही. कंपनीचा करार संपला की गाणं यादीतून जातं, आणि तुम्हाला कुणी विचारत नाही. रेकॉर्ड शेजाऱ्याला देता येते, मुलीला ठेवता येते, वाचनालयाला दान करता येते. मात्र वस्तू अमर असते असंही नाही. २००८ साली हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि मूळ ध्वनिफिती जळाल्या. २०१९ साली मायस्पेस या संकेतस्थळाने जाहीर केलं की २००३ ते २०१५ मध्ये लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं. ती गाणी पाच कोटींच्या वर असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. जळणारं जळतं, पुसणारं पुसलं जातं. टिकतं ते अनेकांच्या घरी विखुरलेलं असतं म्हणून. जुनं मराठी नाट्यसंगीत आपल्यापर्यंत पोचलं त्यात कंपन्यांच्या गोदामांपेक्षा लोकांच्या कपाटांचा वाटा मोठा आहे.

म्हणून तबकडी की डाउनलोड, हा झगडाच आम्हाला मान्य नाही. दोन्ही हवेत, पण डाउनलोड करणाऱ्याने तबकडीची साक्ष सोबत न्यावी. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने आणि मायकेल किनिअरसारख्या अभ्यासकाने जे सूचीचं काम केलं, ते असंच : कंपनीच्या नोंदी आणि तबकड्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून. कायदाही इथे आडवा येत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. लाखेच्या बहुतेक रेकॉर्डी त्या मुदतीच्या बाहेर गेल्या आहेत.

तर घरात जुन्या रेकॉर्डी असतील आणि त्या ठेवणं जमणार नसेल, तर देऊन टाका, आमचा आग्रह नाही. फक्त देण्याआधी चार गोष्टी करा. दोन्ही बाजूंच्या लेबलांचा स्वच्छ फोटो काढा. पट्टीतला कोरलेला आकडा तिरप्या उजेडात वाचून लिहून ठेवा. वेष्टनावर मागे-पुढे जे छापलं आहे त्याचाही फोटो घ्या. कुणी आवाज उतरवून दिला, तर किती फेऱ्यांवर उतरवला ते फाइलच्या नावातच लिहा. आणि लेबलावर चूक दिसली, तर दुरुस्ती शेजारी लिहा. मूळ शब्द खोडू नका.

गाणं कुठेही ऐका. पण ते कुणी, केव्हा, कुठल्या नावाने गायलं, हे सांगणारा साक्षीदार भंगारात घालून नुसती साक्षीची नक्कल जपली, तर उद्या तिच्यावर विश्वास ठेवायला आधार राहणार नाही.