कपाटातलं भविष्य

आज बोलायचं आहे एका छंदाबद्दल. 1950 च्या आसपासची, ‘भविष्यवेधी’ म्हणवली जाणारी चिनी मातीची भांडी जमवण्याचा छंद. पोहरादेवीत हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण 2024 मध्ये इथे बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. काय जपायचं आणि कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे तुमच्या दारातच आलेला आहे.

आधी भांडी बघू. महायुद्ध संपलं आणि अणू, अंतराळ हे शब्द घराघरांत शिरले. 1951 साली लंडनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरला. त्यासाठी हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंच्या सल्ल्याने स्फटिकांतल्या अणुरचनेवरून नक्ष्या तयार झाल्या. त्या कापडावर आल्या, भांड्यांवरही आल्या. 1954 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘फ्रान्सिस्कन’ने ‘स्टारबर्स्ट’ काढलं, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटाची नक्षी. पुढे इंग्लंडमध्ये एनिड सीनी यांनी ‘होममेकर’ रेखाटलं. पांढऱ्या ताटलीवर काळी चित्रं, आणि चित्रं कसली? तर नव्या घाटाच्या खुर्च्या, टेबलं, दिवे. या ताटल्या वूलवर्थच्या दुकानांत स्वस्तात मिळायच्या.

संग्राहक म्हणतो, ‘माणसांनी उद्याची कल्पना कशी केली, ते मी जपतो.’ हे म्हणणं खोटं नाही. त्याने जपलं नसतं तर यातलं बरंचसं केव्हाच उकिरड्यावर गेलं असतं. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने तर संग्राहकाचा गौरवच केला: वस्तूला उपयोगी पडण्याच्या जाचातून तो सोडवतो, असं त्याचं म्हणणं.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. ‘होममेकर’चं भविष्य नक्षीत अर्धंच होतं. उरलेलं अर्धं किमतीत होतं. ज्याला ती खुर्ची परवडत नाही, त्याच्या घरी निदान तिचं चित्र रोज जेवायला यावं! ताटली काचेच्या कपाटात गेली की नक्षी टिकते, पण ‘हे सगळ्यांसाठी आहे’ हा शब्द मोडतो. मग आपण भविष्य जपत नाही, भविष्याचा पेहराव जपतो.

आता आपल्या विदर्भात या. त्याच पन्नाशीच्या दशकात, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, गांधीविचारांचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला. कुंभाराचं कसब वाढावं, त्याला गावातच पोट भरता यावं, ही धडपड. हेही भविष्याचंच चित्र आहे ना? पण त्यावर तारा नाही, अणू नाही, म्हणून संग्राहकांच्या यादीत ते ‘भविष्यवेधी’ ठरत नाही. दिसण्यावरून काळ ओळखायचा म्हटलं की असं होतं.

तेव्हा जमवू नका असं मी म्हणत नाही. जमवा, पण प्रत्येक वस्तूला दोन गोष्टी विचारा: तू कुणाला परवडत होतीस? आणि तुझ्यात कोण जेवलं? उत्तर मिळेल ते वस्तूशेजारी लिहून ठेवा. हे संग्रहालयालाही लागू आहे. तांडा हलायचा तेव्हा बैलावर काय लादायचं आणि काय मागे ठेवायचं, हे ठरवावंच लागे. तो निवाडा लिहिला गेला नाही, तर मागे नुसती शोभा उरेल.

आणि घरी गेल्यावर लोणच्याची बरणी जरा नीट बघा. ती अजून कामावर आहे.